गोटीचे केस

दादांच्या खुर्चीत मूल रडत नाही, ही गोष्ट आजूबाजूच्या चार-पाच गल्ल्यांत सगळ्यांना माहीत होती. बेचाळीस वर्षं ते एकाच दुकानात केस कापत आले होते. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि दाराशी फुकट पेपर वाचणाऱ्यांसाठी एक बाक, एवढंच ते दुकान. पण लांबलांबून बायका आपली पोरं कडेवर घेऊन तिथे यायच्या, कारण इतर ठिकाणी त्या पोरांनी दुकान डोक्यावर घेतलेलं असायचं. दादा आधी मुलाकडे बघायचेच नाहीत. आईशी भाजीच्या भावावर बोलायचे आणि बोलता बोलता कात्री मुठीत धरून ऊबदार करायचे. मशीन पहिल्यांदा स्वतःच्या तळहातावर फिरवायचे, मग मुलाच्या. मूल आरशात स्वतःलाच बघत बसायचं आणि काम कधी उरकलं हे त्याच्या लक्षातही यायचं नाही. दुकानातला रोजचा पोस्टमन म्हणायचा की दादांनी केस कापायचं सोडून दवाखाना काढायला हवा, सुई टोचली तरी पोरं हसतील. दादा मान हलवायचे, पण आतून ते सुखावायचे. माणसाला अभिमान वाटावा असं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

अशा माणसाच्या घरात गोटी जन्मली. गोटी म्हणजे त्यांच्या मुलीची मुलगी. जन्मली तेव्हा डोकं अगदी वाटोळं होतं म्हणून दादांनीच हे नाव पाडलं. मुलगी आणि नात दादांकडेच राहायच्या, कारण जावई बाहेरगावी पुलाच्या कामावर होता आणि दोन महिन्यांतून एकदा चार दिवस यायचा. दादांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती.

गोटी साडेतीन वर्षांची झाली तरी तिला कपड्यांच्या आतलं लेबल सहन होत नव्हतं. बाही ओली झाली की ती सगळे कपडे काढून टाकायची. मिक्सर लागला की पलंगाखाली. कोणी गालाला हलकं बोट लावलं तरी चटका बसल्यासारखी मागे सरायची, आणि याच पोरीला जाड रजईत घट्ट गुंडाळलं की ती तासभर शांत पडून राहायची. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं की आवाज, स्पर्श, उजेड हे सगळं तिच्यापर्यंत पोचतं ते फार मोठं होऊन पोचतं. आपल्याला पीस लागावं तिथे तिला काटा लागतो. यात हट्ट नाही आणि लाडही नाहीत. दादांच्या मुलीने ते मनावर घेतलं. काय चालतं, काय चालत नाही, काय केल्यावर ती सावरते, अशी एक पानभर यादी तिने स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर लावली. दादा त्या यादीला हो हो म्हणायचे. मनातून मात्र त्यांना वाटायचं की पोरगी जरा वेगळी आहे इतकंच, तिला कसं हाताळायचं ते माहीत असलेला हात हवा.

आणि तो हात आपला, असं त्यांना वाटायचं. तिथेच तर घोडं अडलं होतं. फणी वीतभर अंतरावर आली की गोटी किंचाळायची. दादांची सगळी कला तिच्यापुढे फुकट. शेवटी मुलगी, गोटी गाढ झोपली की छोट्या कात्रीने एकेक बट कापायची. मागचं कधी जमायचं नाही, कारण गोटी उताणी झोपायची. त्यामुळे पुढून उंदराने कुरतडल्यासारखं आणि मानेवर जटा, असं ते ध्यान दिसायचं. एकदा पोस्टमनने बाकावरून सहज विचारलं की दादा, नातीला दुसऱ्याच्या दुकानात पाठवता की काय? सगळे हसले. दादाही हसले. पण त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाचे कल्ले वरखाली कापले.

मुलीची जुनी नोकरी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. गोटीसाठी तिने ती सोडली होती. आता तिथल्या मोठ्या बाईंनी निरोप पाठवला की एक तारखेपासून यायचं असेल तर ये, त्यानंतर जागा थांबवता येणार नाही. मुलीला जायचं होतं. दोन वर्षांत ती कुणाशी धड बोलली नव्हती, आरशासमोर उभी राहिली नव्हती. तेव्हा गोटीसाठी बालवाडी शोधणं आलं.

पहिल्या बालवाडीत दर अर्ध्या तासाला घंटा होती. दुसरीत सकाळी कर्ण्यावर गाणी. दोन्हीकडून आठवड्याच्या आत घेऊन जा म्हणून सांगितलं. पुढच्या दोन ठिकाणी मुलीने फोनवरच सगळं खरं सांगितलं, तर दोन्हीकडच्या जागा त्याच क्षणी भरल्या. मग आणखी एक मिळाली. तिथे गोटी तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी तिथूनही घेऊन जा म्हणून निरोप आला. तिला आणायला दादा गेले होते. दाराबाहेर चपला घालताना त्यांना आतल्या, कामावरच्या दोन आया बोलताना ऐकू आल्या. एक म्हणाली, पोरीचे केस बघितलेस का, कधी फणी लागलीय असं वाटत नाही. दुसरी म्हणाली, "आणि आजोबा म्हणे सलूनवाले आहेत."

दादा गोटीचं बोट न धरता तिच्या शेजारून घरी आले. बोट धरलेलं तिला चालत नसे. रस्ताभर त्यांचे कान तापले होते. मुलीला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

आता उरली ती मोठ्या रस्त्यावरची नावाजलेली बालवाडी. सोमवारी दहाला भेटायला बोलावलं होतं. एक तारखेला तेव्हा अकरा दिवस होते. मुलीने ठरवलं होतं की फोनवर काही बोलायचं नाही, समोरासमोर बसून यादी बाईंच्या हातात द्यायची आणि मग त्या काय म्हणतात ते बघायचं.

रविवारी दुकान बंद असे. मुलगी प्रयोगशाळेतल्या बाईंना भेटायला गेली आणि गोटी दादांजवळ राहिली. दादा तिला घेऊन दुकानात आले. शटर अर्धं ओढून घेतलं. रिकामं दुकान गोटीला आवडायचं, खुर्ची गोल गोल फिरवलेली आवडायची. दादांनी ती भरपूर फिरवली. मग त्यांनी आपलं नेहमीचं सगळं केलं, तिच्याकडे न बघणं, कात्री मुठीत धरणं, तळहात. तीनदा केलं. तिन्ही वेळा फणी टेकताच गोटी खुर्चीतून घसरून खाली गेली. तिसऱ्या वेळी तिने त्यांच्या मनगटाला चावा घेतला.

जुन्या कारागिरांची एक पकड असते. तिला ते कुलूप म्हणायचे. डावा हात हनुवटीखालून घ्यायचा, पंजा कानावर दाबायचा, मुलाचं डोकं आपल्या पोटाशी रोवायचं आणि गुडघ्याने पाय अडवायचे. मग मूल कितीही उसळलं तरी मान हलत नाही. दादा ज्यांच्या हाताखाली शिकले ते रोज अशी पाच-सहा मुलं उरकायचे. दादांना ते बघवत नसे. स्वतःचं दुकान काढलं त्या दिवशी त्यांनी ठरवलं होतं की आपण हे करायचं नाही, आणि बेचाळीस वर्षांत केलंही नव्हतं. पण हात विसरला नव्हता.

आधी गोटी किंचाळली. अर्ध्या शटरखालून कुणाचे तरी पाय थांबलेले दिसले आणि पुढे गेले. मग ती एकदम गप्प झाली. दादांना वाटलं, झाली सवय, उगाच घाबरत होतो आपण. त्यांची कात्री झरझर चालली. मानेवरच्या जटा गेल्या, कानांवरून सरळ रेष आली, पुढे कपाळावर छान झालर. कट अगदी देखणा झाला. त्यांनी पकड सोडली आणि आरसा दाखवायला खुर्ची वळवली. गोटीने आरशात बघितलं नाही. ती ओल्या टॉवेलसारखी खुर्चीत पडली होती. खुर्चीची बैठकही ओली झाली होती. तेव्हा कुठे दादा भानावर आले. त्यांनी तिची चड्डी धुतली, बैठक पुसली, केस झाडून भरले. हे सगळं करताना त्यांचं तिच्याकडे बघण्याचं धाडस होईना.

संध्याकाळी मुलगी आली ती दारातच थबकली. तिने विचारलं, हे कसं काय? दादा म्हणाले की खुर्ची फिरवता फिरवता झोप लागली तिला, हळूच कापून घेतले. थाप तोंडातून इतकी सहज आली की त्यांचे तेच चकित झाले. मुलीने चपलाही न काढता त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि ती रडली. म्हणाली, तुमच्या हाताला खरंच काहीतरी आहे दादा. दादांनी हात काढून घेतला नाही. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पोटाला बरं नाही, असं सांगून ते उठले.

सोमवारी नावाजलेल्या बालवाडीत गोटीला जिथे बसवलं तिथे ती बसली. बाई ठेंगण्या, करड्या केसांच्या, हातावर रंगाचे डाग. त्यांनी ठोकळे दिले, गोटीने ते मांडीवर धरून ठेवले. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलगी घाबरून अर्धी उठली, पण गोटी हललीसुद्धा नाही. किती शांत मुलगी आहे, बाई म्हणाल्या. मुलीने पर्समध्ये हात घातला, यादी काढायला. तेवढ्यात दादा मध्येच बोलले की आता पुष्कळ सुधारलीय ती, काही त्रास नाही. मुलीने त्यांच्याकडे बघितलं. मग पर्स बंद केली. अशा प्रकारे प्रवेश झाला.

घरी मात्र एक नवीनच सुरू झालं. दादा खोलीत आले की गोटी दोन्ही तळहात डोक्यावर ठेवायची आणि ते जाईपर्यंत काढायची नाही. मुलीला वाटलं, शाळेतला काही खेळ असेल. दादांना चांगलं माहीत होतं की हा कुठला खेळ आहे. ते घरात कमी येऊ लागले. जेवण दुकानावर मागवू लागले. एक बाई आपल्या दीड वर्षाच्या बाळाला घेऊन आली आणि तुमची फार ख्याती ऐकलीय म्हणाली, तर त्यांनी हात दुखतो सांगून तिला वाटेला लावलं. ती वळली तशी पोस्टमनने पेपर खाली करून त्यांच्याकडे बघितलं, पण या वेळी थट्टा केली नाही.

शुक्रवारी बालवाडीच्या बाईंनी दोघांना बोलावून घेतलं. गोटीला बाहेर वाळूजवळ बसवलं होतं. बाईंच्या खोलीत मोठ्यांच्या खुर्च्या दोनच, म्हणून दादा मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. बाई म्हणाल्या की सव्वीस वर्षं मी हे काम करते. चार दिवसांत ही पोरगी रडली नाही, खेळली नाही, पाणी मागितलं नाही, शूला जायचं म्हणाली नाही. तिचा हात धरला तर तो तिचा नसल्यासारखा धरू देते. परवा एक म्हातारे पालक आत आले, तर डोक्यावर हात घेऊन टेबलाखाली गेली आणि सुटेपर्यंत तिथेच राहिली. सोमवारी मी हिला शांत म्हटलं, ते माझं चुकलं. ही शांतता नाही. घरी काही झालंय का?

मुलगी म्हणाली, काही नाही झालं. मग तिने पर्समधून ती घडी पडलेली यादी काढली, बाईंसमोर ठेवली आणि सांगू लागली की तिला हे असं असं आहे, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, मी लपवलं, मला नोकरीची घाई होती, तिचं जे काही झालंय ते माझ्यामुळे झालंय. बोलताना ती टेबलाच्या कडेवरचा वाळलेला रंग नखाने खरवडत होती.

दादांनी ठरवलं असतं तर ते अजूनही गप्प राहू शकले असते. त्यांना तसा मोह झाला, हे खोटं नाही. मुलगी पुढे बोलतच होती, स्वतःला दोष देत होती, आणि त्या बुटक्या बाकावर त्यांचे गुडघे छातीशी आले होते.

"तिने काही लपवलं नाही बाई," ते म्हणाले. "केस मी कापले. रविवारी. पोरगी जागी होती. मी तिला धरून ठेवलं होतं."

मुलीचं नख थांबलं. "किती वेळ?" तिने विचारलं.

"सात-आठ मिनिटं."

"ओरडली असेल."

"ओरडली. मग थांबली. मला वाटलं, सवय झाली."

बाईंनी विचारलं की का धरलंत? दादांना आयांचं बोलणं आठवलं, पोस्टमनचं आठवलं. ते सांगून काही उपयोग नव्हता. त्यांनी एवढंच सांगितलं की लोक हसायचे. सांगितल्यावर ते कारण त्यांच्याच कानांना इतकं लहान वाटलं की जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना झालं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर दादांना सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या की माझ्या वर्गात बत्तीस मुलं आहेत आणि मदतीला दोन जणी. हिला हवं तसं लक्ष मी देऊ शकणार नाही, आणि देते म्हटलं तर ती फसवणूक होईल. त्यांनी एका कागदावर पत्ता लिहून दिला. त्यांच्याकडेच पूर्वी काम करणाऱ्या एका ताईने दोन खोल्यांत लहानशी शाळा काढली होती, सात मुलांची.

घरी येताना मुलगी गोटीला घेऊन दोन पावलं पुढे चालत होती. जिना चढून झाल्यावर, कुलपाला किल्ली लावताना, ती मागे न बघता म्हणाली, "त्या दिवशी मी तुमचा हात हातात घेतला, दादा. तुम्ही घेऊ दिलात." त्यानंतर कितीतरी दिवस ती त्यांच्याशी दूध, लाइटबिल आणि गोटीची शाळा यापलीकडे बोलली नाही.

ताईंची शाळा एका सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे होती. घंटा नाही, गाणी नाहीत. जमिनीवर जाड गालिचा, कोपऱ्यात चादरीचा तंबू, खिडक्यांना दुहेरी पडदे. ताईंनी यादी दोनदा वाचली आणि एक फॉर्म पुढे केला. त्यात एक प्रश्न होता, मुलाला कशाची भीती वाटते? मुलीने लिहिलं, मिक्सर, फणी, ओली बाही. मग पेन थांबलं. तिने कागद दादांकडे सरकवला. दादांना लिहायची सवय नव्हती. त्यांनी खालच्या ओळीवर वाकड्या अक्षरांत लिहिलं, आजोबांच्या हातांची. ताईंनी ते वाचलं आणि फॉर्म फाइलमध्ये ठेवला.

त्यांची अट एकच होती. पहिला महिनाभर घरातलं एक माणूस रोज सकाळी वर्गात बसलं पाहिजे. एक तारीख चार दिवसांवर आली होती. जावयाला सुट्टी नव्हती. मुलगी म्हणाली की ठीक आहे, मी प्रयोगशाळेत येत नाही म्हणून कळवते.

दादांनी मान खाली घातली. इतर कुणाच्याही घरात या कामाला आजोबाच योग्य ठरले असते. दुकान त्यांचं स्वतःचं, वेळ त्यांच्या हातात. पण ती वाट त्यांनी आपल्याच हाताने बंद केली होती.

ताई त्यांना म्हणाल्या, "आजोबा, नुसतं बसाल का?"

दादा म्हणाले की मला बघून ती डोक्यावर हात घेते.

"घेऊ दे. तुम्ही दाराशी बसायचं. तिच्याकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही, हात मांडीवर. ती जवळ आली तरी उचलायचे नाहीत. हा माणूस आता आपल्याला हात लावत नाही, हे तिला रोज दिसलं पाहिजे. सांगून कळायचं नाही ते."

मुलीला हे पटलं असं नाही. शेवटी म्हणाली की एकदा जरी हात लावलात तर मी नोकरी सोडेन. दादांनी मान हलवली.

दुकानावर पाटी लागली, एक ते आठ उघडे. मुलगी कामावर जाताना गोटीला ताईंकडे सोडायची आणि संध्याकाळी तिथूनच घरी आणायची, दादा एकपर्यंत वर्गात बसायचे. पोस्टमनने विचारलं की सकाळी कुठे असता? शाळेत, दादा म्हणाले. या वयात? हो, बालवाडीत बसवलंय. बाकावरचे हसले. दादांनी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही, तेवढा धीर त्यांना आजही नाही.

पहिले आठ दिवस गोटी खेळण्यांच्या कपाटामागे बसली, डोक्यावर हात घेऊन. दादा दाराशी बुटक्या खुर्चीत, समोरच्या पडद्यावरची ठिपक्यांची नक्षी बघत. पाठ भरून यायची, पाय बधिर व्हायचे. एका पोराने तिसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर उभं राहून त्यांना नीट न्याहाळलं आणि ताईंना विचारलं, "या आजोबांना शिक्षा केलीय का?" ताई म्हणाल्या की नाही रे, ते गोटीचे आहेत. दादांना वाटलं की पोराचं म्हणणं जास्त बरोबर आहे.

नवव्या दिवशी ताईंनी कपाटाजवळ एक घमेलं ठेवलं, त्यात वाटाणे आणि दोन भांडी. दादांना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की गोटीने एक हात खाली घेतला. एका हाताने तिला भांडं ओतता येईना. बऱ्याच वेळाने दुसराही खाली आला. वाटाणे खळखळ या भांड्यातून त्या भांड्यात जात राहिले. मध्ये तिने दादांकडे बघितलं. दादा पडद्याकडे बघत राहिले, हात मांडीवर घट्ट, इतके घट्ट की बोटं पांढरी पडली. ती पुन्हा ओतू लागली. जवळ मात्र आली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढच्या आठवड्यातही नाही.

एक वाजता बाहेर आल्यावर त्यांनी प्रयोगशाळेत फोन लावला. मुलीला सांगितलं की आज हात खाली होते, दोन्ही. तिच्या मागे कुठलंसं यंत्र फिरत असल्याचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, पाणी प्यायली का?

प्यायली, दादा म्हणाले. अर्धा पेला.

बरं, उद्या तिला तो जाड मोजा घाला, डावा, रोजच्याचा शिवणीचा दोरा निघालाय, ती म्हणाली, आणि लगेच थांबली. घालायला हात लागला असता. मी घालेन निघायच्या आधी, तिने सांगितलं, आणि फोन ठेवला.